बुटक्या नायकाला पडद्यावर उंच कसं करायचं

'कॅसाब्लांका' (१९४२) पाहताना हम्फ्री बोगार्ट इनग्रिड बर्गमनपेक्षा उंच वाटतो. प्रत्यक्षात तीच त्याच्याहून थोडी उंच होती. बोगार्टच्या पायांत जाड तळव्यांचे बूट होते, बसायच्या जागी उशा होत्या, आणि हे सगळं कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होतं. जुन्या हॉलिवूडने ही विद्या घोटून घोटून पक्की केली. शॉर्ट फिल्म करणाऱ्याला ती आजही कामाला येते. नवऱ्यापेक्षा नवरी दोन इंचांनी उंच असेल, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यालाही येते.

आधी शेजार बघा

प्रेक्षक मोजपट्टी घेऊन बसत नाही. तो माणसाची उंची ताडतो ती बाजूच्या माणसावरून, दारावरून, खुर्चीच्या पाठीवरून. 'कॅसाब्लांका'च्याच शेवटच्या प्रसंगात विमानतळावर उभं असलेलं विमान खोटं आणि लहान होतं. ते खरं वाटावं म्हणून त्याच्याभोवती मेकॅनिक म्हणून ठेंगण्या माणसांना उभं केलं होतं. मोजपट्टीच बदलली, की विमान आपोआप मोठं झालं!

तेव्हा पहिलं काम जागा निवडण्याचं. उंच दरवाजे, उंच पाठीच्या खुर्च्या आणि नायकाच्या डोक्यावरून जाणारी कपाटं टाळा. नटनटी निवडणं तुमच्या हातात असेल, तर निम्मं काम तिथेच होतं. ॲलन लॅड हा साडेपाच फुटांच्या आसपासचा नट. 'धिस गन फॉर हायर' (१९४२) मध्ये त्याच्यासमोर व्हेरोनिका लेक होती, जेमतेम ४ फूट ११ इंचांची. ही जोडी पुढेही चालली.

मग चौकट, मग खोका

चौकटीची खालची कड गुडघ्यांच्या वर ठेवा. तिच्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि नायकाला चढवायची जागा तीच.

चढवायला शूटिंगवाले वापरतात तो लाकडी खोका म्हणजे ॲपल बॉक्स. पूर्ण खोका ८ इंच उंच, अर्धा ४, पाव २, आणि सगळ्यात पातळ असतो त्याला पॅनकेक म्हणतात, तो १ इंचाचा. मूकपटांच्या काळातला मोठा नट सेस्यू हायाकावा असाच खोक्यावर उभा राहून कामं करायचा. त्यावरून हॉलिवूडच्या कामगारांनी खोका देण्याच्या या क्रियेलाच 'सेस्यू' म्हणायला सुरुवात केली.

आपल्याकडे घरात पाट असतो, तो छान चालतो. फक्त डुगडुगणारा नको. वर जाजम किंवा रबरी चटई अंथरा, नाहीतर पावलांचा पोकळ आवाज रेकॉर्ड होतो. आणि हाव नको. फरक दोन इंचांचा असेल तर तीन इंच पुरे. आठ इंच चढवलेल्या माणसाचे खांदे आणि हात भलत्याच ठिकाणी येतात, आणि मिठी मारताना तर सगळंच बिंग फुटतं.

चालण्याचा प्रसंग अवघड. यावर दोन उपाय आहेत. एक, नायकासाठी फळ्यांचा मार्ग घाला. 'नटोरियस' (१९४६) मध्ये क्लॉड रेन्स बर्गमनबरोबर कॅमेऱ्याकडे चालत येतो, तेव्हा दिग्दर्शक हिचकॉकने त्याच्या पायांखाली हळूहळू चढत जाणारी फळी ठेवली होती. म्हणजे दुरून पाय दिसतात तेव्हा तो जमिनीवर, आणि जवळ येईपर्यंत तो उंच झालेला. दुसरा उपाय उलटा: नायिकेला खाली उतरवा. 'बॉय ऑन अ डॉल्फिन' (१९५७) मध्ये सोफिया लॉरेन लॅडबरोबर किनाऱ्यावर चालते, ती वाळूत खणलेल्या चरातून. मला यात लॅडपेक्षा लॉरेनचं कौतुक वाटतं. चरातून चालताना चेहऱ्यावर प्रेम ठेवायचं, ही काही सोपी गोष्ट नव्हे.

कॅमेरा खाली, नायक पुढे

आता सगळ्यात स्वस्त युक्ती. हिला खोका लागत नाही, थोडा हिशेब लागतो. कॅमेरा डोक्यांपेक्षा खाली असेल, तर जवळच्या माणसाचं डोकं चौकटीत वर सरकतं.

समजा नायक ५ फूट ६ इंच, नायिका ५ फूट ९ इंच. कॅमेरा जमिनीपासून ४ फुटांवर लावा. नायक कॅमेऱ्यापासून ६ फुटांवर, नायिका त्याच्या दीड फूट मागे. नायकाचं डोकं कॅमेऱ्याच्या दीड फूट वर, भागिले अंतर ६, म्हणजे ०.२५. नायिकेचं पावणेदोन फूट वर, भागिले साडेसात, म्हणजे ०.२३. ज्याचा आकडा मोठा, त्याचं डोकं चौकटीत वर. नायक जिंकला.

हाच कॅमेरा ५ फूट उंचीवर नेला, की आकडे होतात ०.०८ आणि ०.१०. नायक हरला. कॅमेरा ४ फूट उंचीवरच ठेवून ३० फूट मागे नेला आणि लांबचं जवळ दाखवणारं भिंग लावलं, तरी हरतोच, कारण तेवढ्या अंतरात दीड फुटाला काही किंमत उरत नाही. म्हणून झूम करू नका, जवळ जा. पण फार जवळही नको, नाक मोठं होतं.

कॅमेरा खाली आणला की छत दिसू लागतं आणि वर टांगलेले दिवेही. 'सिटिझन केन'च्या (१९४१) सेटवर यासाठी कापडाची छतं ताणली होती आणि कॅमेरा खाली बसावा म्हणून जमीनही फोडली होती. घरी शूटिंग असेल तर आधी पंख्याकडे बघा.

कपडे

यावर फार वेळ घालवू नका. वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचे कपडे, आखूड कोट, उठून न दिसणारा पट्टा, आणि बुटाची टाच झाकेल इतकी लांब पँट. बुटात आतून उंची देणारा तळवा घालायचा असेल, तर तो घालून नटाला आदल्या दिवशी तासभर चालायला लावा. नव्या उंचीवर माणूस गुडघे ताठ करून चालतो आणि ते कॅमेऱ्यात लगेच कळतं.

टेक घेण्यापूर्वी

सावली बघा. माणूस चौकटीत गुडघ्यापर्यंतच असतो, पण मागच्या भिंतीवर खोक्यासकट त्याची पूर्ण सावली पडलेली असते. आरसा आणि काचेचं कपाट तपासा. खोक्याच्या कडा कुठे संपतात ते नटाला पायाने चाचपून घ्यायला सांगा, कारण संवाद म्हणताना तो खाली बघू शकणार नाही. आणि टेक संपला की त्याला खाली उतरायला कुणीतरी हात द्या. खोक्यावर आहोत हे तोपर्यंत तो विसरलेला असतो.