जुनी वायरलेस स्पीकर यंत्रणा अडखळू लागली की या चुका टाळा

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले वायरलेस स्पीकर आणि हौसेने जमवलेला हजारो गाण्यांचा संग्रह ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मदतीसाठी बोलावले की मी आधी एकच प्रश्न विचारतो: आतापर्यंत काय काय करून पाहिले? उत्तर जवळजवळ ठरलेले असते. राउटर बदलला, ॲप काढून पुन्हा टाकले, स्पीकर फॅक्टरी रीसेट केले (म्हणजे सगळी सेटिंग पुसून नव्यासारखे कोरे केले), गाण्यांचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले, आणि हे सारे एकाच संध्याकाळी. मूळ बिघाड लहानसा असतो. पण या उपायांच्या ढिगाऱ्याखाली तो असा गाडला जातो की शोधून काढायला दोन दिवस लागतात. अशा यंत्रणेत आवाज निर्माण करणारे भाग बहुधा ठणठणीत असतात. थकते ते आतले नेटवर्कचे अंग, आणि ते कुठे थकले आहे हे बिघाडाची लक्षणेच सांगत असतात. म्हणून लक्षणे नीट पाहून होईपर्यंत कशालाही हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

फॅक्टरी रीसेटची घाई

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तिची भरपाई बहुतेक वेळा करता येत नाही. नव्याने या छंदात आलेल्या माणसाला रीसेटचे बटण रामबाण वाटते आणि नव्या उपकरणावर ते पुष्कळदा लागूही पडते. जुन्या उपकरणाचे तसे नसते. रीसेटनंतर त्याला नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी त्याला अजूनही ओळखणारे ॲप व निर्मात्याचा चालू असलेला सर्व्हर या दोन्ही गोष्टी लागतात. वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या सोनोस कंपनीने २०२० मध्ये आपली उपकरणे एस१ आणि एस२ अशा दोन गटांत विभागली. पहिल्या पिढीचा प्ले:५ किंवा ब्रिज यांसारखी उपकरणे तेव्हापासून एस१च्या ॲपवरच चालतात. हे माहीत नसलेला माणूस रीसेट केलेले जुने उपकरण नव्या ॲपमध्ये तासन्‌तास शोधत बसतो. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही टीव्ही किंवा स्पीकरला जोडायची गूगलची उपकरणे एकाएकी बंद पडली, कारण त्यांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तेव्हा रीसेट करू नका, असे गूगललाच वापरकर्त्यांना सांगावे लागले. ज्यांनी धीर धरला त्यांची उपकरणे अपडेट येताच चालू झाली. ज्यांनी आधीच बटण दाबले होते त्यांना आणखी खटपट करावी लागली.

माझ्या एका मित्राकडे वेगवेगळ्या वर्षी घेतलेले सहा स्पीकर होते, त्यांपैकी सर्वांत जुना चौदा वर्षांचा. एके दिवशी दोन खोल्यांतील स्पीकर ॲपमधून नाहीसे झाले. त्याने ते दोन्ही रीसेट केले आणि तरीही ते जोडले जाईनात, तेव्हा सगळे एकदाच पहिल्यापासून मांडू या विचाराने उरलेले चारही रीसेट केले. मी पोहोचलो तेव्हा घरात एकही स्पीकर बोलत नव्हता, आणि त्याने नऊ वर्षांत निगुतीने तयार केलेल्या गाण्यांच्या याद्या, ज्या त्या यंत्रणेत स्पीकरच्याच मेमरीत साठवल्या जात, कायमच्या पुसल्या गेल्या होत्या. कारण शोधायला मला वीस मिनिटे लागली. आदल्या आठवड्यात त्याच्याकडे नवा राउटर बसवला होता आणि बसवताना वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारची निवडली गेली होती. २०१८ मध्ये आलेले हे मानक त्याआधीच्या स्पीकरांना ठाऊक नसते, त्यामुळे वायफायवरचे दोन स्पीकर बाहेर पडले. बाकीचे चार इथरनेट केबलने जोडलेले होते, म्हणून ते चालू राहिले. वायफायवरचे बंद आणि केबलवरचे चालू, एवढी एक गोष्ट त्याने लक्षात घेतली असती तर सुरक्षा त्याआधीच्या डब्ल्यूपीए२ वर आणून एका मिनिटात काम झाले असते. रीसेटने नेमका तोच फरक पुसून टाकला. सहाही स्पीकर पुन्हा मांडण्यात आमचे दोन दिवस गेले. याद्या मात्र परत आल्या नाहीत.

माझी स्वतःची सवय अशी आहे की मी यंत्रणेजवळ एक साधी वही ठेवतो. कोणता स्पीकर गेला, केव्हा गेला, त्या वेळी काय वाजत होते, कोणते चालू राहिले, हे आधी लिहितो. मग सर्व सेटिंगच्या पडद्यांचे फोटो काढतो. त्यानंतर राउटर, गाण्यांची साठवण आणि शेवटी स्पीकर अशा क्रमाने वीज बंद करून चालू करतो. राउटर पूर्ण जागा होईपर्यंत साठवणीला हात लावत नाही, आणि स्पीकर राउटरच्या जवळच्यापासून एकेक करून लावतो. सगळ्यांचे प्लग एकदम लावणाऱ्यांना हा क्रम वेळकाढू वाटतो, पण यातच अर्ध्याहून अधिक तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. यानंतरही काम झाले नाही तर एका वेळी एकच बदल करतो आणि त्याचा परिणाम दिसल्यावरच पुढे जातो.

गाण्यांची डिस्क राउटरला चिकटवून ठेवणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिने माझा एक अख्खा महिना खाल्ला. माझा संग्रह राउटरच्या मागे यूएसबी ३.० ने जोडलेल्या हार्ड डिस्कवर होता. संग्रहातील गाणे लावले की दर दोन-तीन मिनिटांनी आवाज तुटत असे. इंटरनेट रेडिओ मात्र बिनधोक चाले. त्यावरून डिस्क मंद झाली असावी असा निष्कर्ष मी काढला आणि सगळा संग्रह नव्या, वेगवान डिस्कवर उतरवला. त्रास वाढला. फोनवर व्हिडिओ सुरळीत चालत होते, त्यामुळे वायफायवर माझा संशयही गेला नाही.

खरे कारण असे होते की यूएसबी ३.० च्या वेगवान संदेशवहनातून वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. माझे जुने स्पीकर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे आणि फोन ५ गिगाहर्ट्‌झवर, म्हणून फोनला काही जाणवत नव्हते. डिस्कवरून गाणे वाचले जात असताना गोंगाट होई, रेडिओच्या वेळी डिस्क शांत असल्याने होत नसे. चांगले कवच असलेली लांब केबल घेऊन डिस्क राउटरपासून सुमारे एक मीटर दूर ठेवली आणि त्या संध्याकाळपासून आवाज एकदाही तुटला नाही. आता कोणीही आवाज तुटत असल्याचे सांगितले की मी राउटरच्या मागे काय काय खोचले आहे ते आधी पाहतो.

याच पट्ट्याविषयी आणखी एक सांगतो. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल नेहमीच्या मांडणीत १, ६ आणि ११ ही तीनच आहेत. गर्दी टाळायची म्हणून कोणी ३ किंवा ८ निवडतो, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट अंगावर घेतो. चॅनेल आपोआप बदलण्याची सोयही मी बंद ठेवतो, कारण राउटरने मध्येच उडी मारली की जुना स्पीकर त्याच्या मागे लगेच जात नाही. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. ४० केल्याने या स्पीकरांना काहीही मिळत नाही. ज्या यंत्रणेचे स्पीकर आपसांत स्वतंत्र जाळे तयार करतात, तिथे ते जाळे आणि घरचे वायफाय वेगवेगळ्या चॅनेलवर हवेत.

जुन्या एसएमबीसाठी मुख्य संगणक उघडा टाकणे

'कालपर्यंत चालणारा संग्रह आज सापडत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा फाइल वाटून घेण्याची जुनी पद्धत, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, असते. अनेक जुन्या स्पीकरांना तीच कळते. सोनोसच्या एस१ गटाचीही तीच गत आहे. विंडोज १० च्या २०१७ मधील १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर ती येत नाही, आणि लिनक्सवर फाइल वाटून देणाऱ्या सांबा या प्रोग्रामने २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीत ती मुळात बंद ठेवली. त्यामुळे संगणक किंवा साठवणीचे यंत्र बदलले की संग्रह दिसेनासा होतो.

यावरचा झटपट उपाय म्हणून लोक रोजच्या संगणकावर ही जुनी पद्धत पुन्हा चालू करतात. मला हे अजिबात मान्य नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच जुन्या पद्धतीतील दोषातून जगभर पसरला होता. गाणी ऐकण्यासाठी घरातील कागदपत्रे आणि छायाचित्रे धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. मी एक जुना लहानसा संगणक फक्त या कामासाठी ठेवला आहे. त्याच्यावर संग्रहाची प्रत आहे, ती फक्त वाचण्याचीच परवानगी दिलेली आहे, आणि मूळ संग्रह असलेल्या यंत्रावर जुनी पद्धत बंद आहे. मांडणीला अर्धा दिवस लागतो, पण नंतर मन निश्चिंत राहते.

टॅगकडे दुर्लक्ष करून यंत्रणेला दोष देणे

मोठ्या संग्रहाची निम्मी दुखणी स्पीकरमध्ये नसतात, फाइल्समध्ये असतात. फोल्डर कितीही नीट लावले तरी यंत्रणा बहुधा फाइलच्या आतील टॅग, म्हणजे गायक, अल्बम अशी नोंदवलेली माहिती, वाचते. अल्बम कलाकाराचा टॅग रिकामा ठेवला आणि एका अल्बममध्ये चौदा गायक असले, तर काही यंत्रणांत त्याचे चौदा तुकडे होऊन ते चौदा ठिकाणी विखुरतात. मग अल्बम हरवला अशी ओरड होते. एकाच गायकाचे नाव कुठे आद्याक्षरांसह, कुठे पूर्ण, कुठे शेवटी एक मोकळी जागा सोडून लिहिलेले असते, आणि यंत्रणेच्या दृष्टीने ती तीन माणसे असतात. मी नवी सीडी उतरवली की गायक, अल्बम कलाकार, वर्ष आणि गाण्याचा क्रमांक हे चार टॅग तपासल्याशिवाय ती संग्रहात घालत नाही. पन्नास सीडी एका रात्रीत उतरवून टॅग नंतर लावू म्हणणाऱ्यांचे ते नंतर कधीही उगवत नाही, हे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे.

संग्रहाला संख्येची मर्यादाही असते. सोनोसमध्ये ती ६५,००० गाण्यांची आहे, आणि टॅगमधील मजकूर फार लांब असेल तर ती त्याहून आधीच गाठली जाते, कारण सूचीसाठीची मेमरी ठरावीक असते. मर्यादेच्या जवळ आलेल्या संग्रहात एकच गाणे दोन-तीन प्रतींत आहे का, हे आधी पाहावे. माझ्याकडे एमपी३ आणि फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) अशा दुहेरी प्रतींनीच हजारो जागा अडवल्या होत्या. सूची नव्याने बनत असताना मध्येच ती थांबवू नये. रात्री लावून सोडावी आणि सकाळी पाहावी.

सीडीहून वरच्या दर्जाच्या, म्हणजे चोवीस बिट आणि १९२ किलोहर्ट्‌झच्या फाइल्स जुन्या स्पीकरवर वाजल्या नाहीत म्हणून स्पीकर बिघडला असे समजू नये. सीडीच्या ध्वनीचा मूळ वेग सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, तर या फाइल्सचा ९,२१६. अनेक जुनी उपकरणे १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झच्या पुढे जातच नाहीत. मूळ फाइल जपून ठेवावी आणि स्पीकरसाठी सीडीच्या दर्जाची वेगळी प्रत करावी.

काही चुका थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर स्पीकर दिसणार नाहीत. आयफोनवर २०२० मधील आयओएस १४ पासून ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी द्यावी लागते. ती नाकारली असेल तर गाणे वाजत राहते, पण ॲपला स्पीकर सापडत नाही. प्रत्येक स्पीकरला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखीचा क्रमांक) राखून द्यावा. संग्रहाच्या फोल्डरचे नाव बदलू नये, कारण याद्यांमध्ये जुनाच मार्ग लिहिलेला असतो. आपसांत जाळे बनवणारे दोन स्पीकर एकाच नेटवर्क स्विचला (अनेक केबल जोडण्याच्या पेटीला) जोडल्यावर संपूर्ण नेटवर्क कोलमडले, तर एक केबल काढून पाहावी.

आवाज वाढवताच स्पीकर बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर वायफायशी झुंजत बसू नये. वीजपुरवठ्यातील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वयाने आणि उष्णतेने कमजोर होतात आणि जास्त विजेची मागणी आली की व्होल्टेज कोसळते. ॲडॉप्टर बाहेरचा असेल तर तेवढ्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा आणि त्याच ध्रुवतेचा दुसरा लावून पाहावा. वीजपुरवठा स्पीकरच्या आत असेल तर जाणकाराकडे द्यावा. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

राहिली संग्रहाची काळजी. दोन डिस्क एकमेकींच्या प्रती म्हणून चालवणाऱ्या साठवणीच्या यंत्रालाच लोक बॅकअप समजतात, परंतु चुकून पुसलेली फाइल तिथे दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. माझी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असते आणि ती डिस्क एरवी कशालाही जोडलेली नसते. फ्लॅकच्या फाइलमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ ही पडताळणीची खूण सहसा साठवलेली असते, त्यामुळे फाइल आतून शाबूत आहे की नाही हे प्रोग्रामकडून तपासून घेता येते. दर सहा महिन्यांनी मी संपूर्ण संग्रहाची ही तपासणी रात्रभर लावून ठेवतो. मागच्या वेळी तीन फाइल्स खराब निघाल्या. त्या कपाटातील डिस्कवरून परत आणल्या आणि ती डिस्क पुन्हा कपाटात ठेवली.