डार्क शॅडोज: बार्नाबस-जेरेमायाची ड्युएल नीट बघायची असेल तर

खूप जण फक्त ड्युएलचा, म्हणजे पिस्तुलांच्या द्वंद्वाचा तो एक सीन शोधून बघतात आणि मग म्हणतात की ह्यात एवढं काय आहे. अहो, पण तसं बघूच नका. 1966 ते 1971 मध्ये रोज दुपारी लागणारी अमेरिकन सिरीयल आहे ती, एबीसी चॅनलवरची, त्यात गोष्ट हळूहळू मुरत जाते, आणि गोळी सुटते तोवर आपण आधीच अर्धे खचलेलो असतो, खरी मजा त्यातच आहे.

सुरुवात 365 नंबरच्या एपिसोडपासून करा. कॉलिनवुडच्या वाड्यात आत्म्याला बोलवायला सगळे टेबलाभोवती बसतात आणि तिथली गव्हर्नेस व्हिक्टोरिया विंटर्स थेट 1795 मध्ये जाऊन पडते. वेळ असेल तर त्याच्या आधीचे, बार्नाबस, म्हणजे 1795 च्या काळातला शवपेटीतून बाहेर पडलेला व्हॅम्पायर, पहिल्यांदा येतो तिथपासूनचे (एप्रिल 1967, साधारण 210 पासून) थोडे तरी बघाच, कारण जुन्या काळातली माणसं त्याच नटांनी केलीयेत आणि ते नुसतं पैसे वाचवायला केलंय असं वाटत नाही. जेरेमाया झालाय अँथनी जॉर्ज, जो आधी व्हिक्टोरियाचा होणारा नवरा बर्क होता आणि विमान अपघातात गेला, म्हणजे व्हिक्टोरिया 1795 मध्ये आपल्या मेलेल्या बर्कचाच चेहरा समोर बघतेय. आणि जोझेट झालीये कॅथरिन ली स्कॉट, म्हणजे मॅगी, जिला बार्नाबसने पळवून नेऊन जबरदस्तीने जोझेट बनवायचा प्रयत्न केला होता! हे माहीत असलं की तो तिच्याशी साधं प्रेमाने बोलला तरी पोटात कसंतरी होतं.

आता मेन गोष्ट. जेरेमाया हा बार्नाबसचा सख्खा काका, पण वयाने जवळपास बरोबरीचा, काका कमी आणि जिवलग दोस्त जास्त. जोझेट मार्टिनिक बेटावरून बार्नाबसशी लग्न करायला येते, सोबत तिची मोलकरीण अँजेलिक, जिचं बार्नाबसशी तिकडे आधी प्रकरण झालेलं असतं आणि आता तो तिला झिडकारतो. अँजेलिक जादू करते, जोझेट आणि जेरेमाया एकमेकांकडे ओढले जातात, पळून जाऊन लग्न करतात. इथे दोघांच्या हातावर उमटणारी त्रिशूळाची खूण नीट बघा, हात क्लोजअपमध्ये आला की मोबाईल खाली ठेवा. त्या खुणेमुळे आपल्याला कळतं की ह्यात दोघांचा काहीच दोष नाही, पण बार्नाबसला ते कळत नाही, आणि त्या दोघांनाही आपण असं का वागलो ह्याचा पत्ता नसतो. सगळी शोकांतिका ह्या एका गोष्टीवर उभी आहे.

ड्युएल डिसेंबर 1967 मध्ये येते. तेव्हा बार्नाबसपेक्षा जेरेमायाकडे जास्त लक्ष द्या. त्याला पुतण्याला मारायचंच नसतं, आपण गुन्हेगार आहोत असं मानून तो आधीच मरायला तयार होऊन आलेला असतो. बार्नाबसला वाटतं आपण मानासाठी लढतोय, प्रत्यक्षात तो न लढणाऱ्या माणसावर गोळी झाडतो. बार्नाबस झालेल्या जोनाथन फ्रिडचा चेहरा बघा, त्यात जिंकल्याचा आनंद कुठेच नाही. आणि हो, जेरेमाया लगेच मरत नाही, त्यानंतरचे सीन पळवू नका, जोझेटची घुसमट तिथेच दिसते.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, हे बहुतेक सलग एका दमात टेप केलेलं आहे, त्यामुळे नट डायलॉग अडखळतात, मध्येच माइकची सावली दिसते. त्यावर हसण्यात वेळ घालवू नका, दोन-चार एपिसोडमध्ये डोळ्यांना सवय होते. रॉबर्ट कोबर्टच्या म्युझिकसाठी मात्र हेडफोन लावाच. काही एपिसोड रंगीत शूट होऊनही आज फक्त ब्लॅक अँड व्हाइट कॉपीतच उरलेत, मध्येच रंग गेला तर तुमच्या टीव्हीत बिघाड नाहीये.

आणि ड्युएल झाली म्हणून थांबू नका. अँजेलिक जेरेमायाला कबरीतून उठवते, पुढे बार्नाबसला शाप लागून तो व्हॅम्पायर होतो, जोझेट विडोज हिलच्या कड्यावरून उडी घेते, बार्नाबसची छोटी बहीण सारा जाते, आई नेओमी जाते. शेवटी बाप जोशुआ, ज्याला घराण्याच्या नावापुढे काहीच दिसत नव्हतं, मुलाला संपवायला जातो आणि त्याचा हात चालत नाही, म्हणून तो शवपेटीला साखळदंड घालायला लावतो. लुई एडमंड्सने हे जे काय केलंय ना, त्यासाठी मार्च 1968 च्या शेवटापर्यंतचे एपिसोड बघाच, आणि ते शेवटचे आठ-दहा तरी रोज एकेक करूनच बघा.