बालशिक्षणाचा सर्टिफिकेट कोर्स करताय? या चुका टाळा

बालशिक्षणाच्या कोर्सचे लेखी पेपर सहसा कुणाला अडवत नाहीत. घोडं अडतं ते निरीक्षणाच्या नोंदवहीत, सरावपाठात आणि साधनांच्या पेटीत. "हे काय, शेवटी करून टाकू" म्हणून मागे ढकललेली हीच कामं असतात, आणि नेमकी हीच शेवटच्या आठवड्यात करता येत नाहीत. त्याआधीची एक चूक तर फी भरण्यापूर्वीच झालेली असते. तिथूनच सुरुवात करू.

कोणतं प्रमाणपत्र, कशासाठी?

"बालवाडीचा कोर्स केला" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी मावतात. खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स, महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स, इग्नू या मुक्त विद्यापीठाची ३२ श्रेयांकांची पदविका आणि एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, मान्यतेची दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका. या चारींचं वजन सारखं नाही. एनसीटीईच्या २०१४ च्या पात्रता नियमांनुसार पूर्वप्राथमिक शिक्षकाला बारावीत ५० टक्के गुण आणि किमान दोन वर्षांची या विषयातली पदविका, किंवा नर्सरीचं बी.एड. लागतं. खासगी प्लेग्रुप-नर्सरीत वर्षभराच्या, कित्येकदा सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावरही काम मिळतं. पण पहिलीचा वर्ग हवा असेल तर ही वाटच वेगळी. तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते, बालवाडीच्या प्रमाणपत्रावर ते दार उघडत नाही. म्हणून आधी नोकरी कुठे करायची ते ठरवा आणि मग कोर्स निवडा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

"मॉन्टेसरी" या शब्दाला भुलू नका. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघटनेची पदविका असते खरी, पण हे नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. कोणतीही संस्था ते पाटीवर लावू शकते. कार्यालयात दोनच प्रश्न विचारा: प्रमाणपत्रावर सही-शिक्का कुणाचा असेल, आणि त्याचा नमुना दाखवाल का? "आम्ही विद्यापीठाशी संलग्न आहोत" असं उत्तर आलं, तर त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः शोधा. दूरशिक्षणाचा कोर्स असेल तर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, परवानगी त्या सत्रासाठी आहे का, तेही पाहा. मागच्या वर्षीची परवानगी दाखवून यंदाचे प्रवेश उरकले जातात.

कागदपत्रांत आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँक पासबुकात तिसरंच. प्रवेशअर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच नाव लिहा. लग्नानंतरचं नाव प्रमाणपत्रावर हवं असेल तर राजपत्रातला बदल किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडा. निकालानंतर नाव बदलून घेणं म्हणजे हेलपाटेच.

निरीक्षण नोंदवही: सगळ्यात जास्त वह्या इथूनच परत येतात

वही परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मूल काय करत होतं ते लिहायचं सोडून मुलाबद्दलचं आपलं मत लिहिलेलं असतं. अशी नोंद पाहा:

"आज र. खूप हट्टीपणा करत होती. तिला वाटून घेणं जमत नाही."

आता तेच दृश्य, नीट पाहून लिहिलेलं:

"र., ३ वर्षे ७ महिने. ठोकळ्यांचा कोपरा, सकाळी १०.२० ते १०.३०. र.ने सात ठोकळे एकावर एक रचले. स.ने वरचा ठोकळा उचलला. र.ने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. 'माझं घर हाय ते.' स. रडू लागला. र. त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मनोऱ्यातला खालचा लाल ठोकळा काढून त्याच्यापुढे ठेवला. मनोरा कोसळला. ती हसली आणि पुन्हा रचायला बसली."

पहिल्या नोंदीतला निष्कर्ष दुसऱ्या नोंदीने खोटा ठरवला आहे. वाटून घेणं तिला जमलं. फक्त खालचा ठोकळा काढला की वरचं सगळं पडतं, हे तिला अजून उमगलेलं नाही. परीक्षकाला पाहायचं असतं ते हेच. म्हणून पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलं-ऐकलं तेवढंच, उजवीकडे त्याचा अर्थ. "हट्टी", "हुशार", "लाजाळू", "गुणी" असले शब्द डावीकडे आले की खोडा.

मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहा. "हाय"चं "आहे" करू नका. मूल मालवणी, अहिराणी किंवा वारली बोलत असेल तर ते शब्द तसेच येऊ द्या. भाषाविकासाच्या नोंदीत तेच तर सोनं. वय वर्षं आणि महिन्यांत लिहा, कारण या वयात सहा महिन्यांनी चित्र पालटतं. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल पाहून गोल काढतं, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या सुमारास चौकोन, आणि त्रिकोण पाचाच्या पुढे. नुसतं "वय ४" लिहिलं तर चौकोन न जमणं काळजीचं आहे की स्वाभाविक, हे कुणालाच सांगता येणार नाही. पूर्ण नाव मात्र नको, आद्याक्षर पुरे.

मुलांसमोर मोठी वही उघडून बसलात तर ती खेळ सोडून तुमच्याभोवती गोळा होतात. खिशात एक चिठ्ठी ठेवा, त्यावर वेळ आणि चार-पाच खुणेचे शब्द टिपा आणि त्याच दिवशी संध्याकाळी नोंद पूर्ण करा. दोन दिवस गेले की आठवतं ते मूल नव्हे, आपलं मत.

घरी बसून रचलेल्या नोंदी लपत नाहीत. तारीख रविवारची किंवा दिवाळीच्या सुट्टीतली निघते. अडीच वर्षांचं मूल वीस मणी एकेक करून बिनचूक मोजतं. पंधरा नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसतात, आणि सगळी मुलं शेवटी "आनंदाने सहभागी" होतात!

टाचण आणि सरावपाठ

टाचण म्हणजे पाठाचा लेखी आराखडा. त्यात "मुलांना रंगांची ओळख होईल" एवढंच लिहिलं तर तो उद्देश झाला नाही, कारण तो साधला की नाही हे तपासणार कसं? "मिसळलेल्या दहा वस्तूंमधून लाल आणि पिवळ्या वस्तू मूल दोन टोपल्यांत वेगळ्या करेल", असं लिहा. इथे आणखी एक गफलत होते. लाल सफरचंद, पिवळी गाडी, लाल चेंडू आणि पिवळं केळं एकत्र ठेवले की मूल रंग सोडून फळं आणि खेळणी वेगळी करतं, आणि बाई त्याला चुकीचं ठरवतात. रंग शिकवताना आकार आणि वस्तू सारखीच ठेवा, फक्त रंग वेगळा. एकाच प्रकारची बाटल्यांची मोठी झाकणं किंवा लाकडी ठोकळे चालतात.

वेळेचा अंदाजही चुकतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना एकत्र बसवून करायचं काम दहा ते पंधरा मिनिटांचंच ठेवा. टाचणात तीस मिनिटं असतील तर त्यात बडबडगीत, हातांनी करायचं काम आणि उठून फिरणं, असं तिन्ही हवं. पाठ फसण्याचं ठरलेलं ठिकाण म्हणजे साहित्यवाटप. साहित्य हातात दिलं आणि मग सूचना द्यायला सुरुवात केली, की सूचना कुणीच ऐकत नाही. आधी स्वतः एकदा शांतपणे करून दाखवा, मग वाटा. वीस मुलं असतील तर पाच-पाचचे चार गट करा आणि चार ताटल्या आदल्या दिवशी भरून ठेवा. डिंक बाटलीसकट देऊ नका; झाकणात चमचाभर काढून द्या, म्हणजे सांडला तरी तेवढाच. हात पुसायचं ओलं फडकं प्रत्येक गटाला एक. टाचणात ही ओळ सहसा कुणीच लिहीत नाही.

शैक्षणिक साधने

दुकानातून आणलेला चकचकीत तक्ता भिंतीवर मोठ्यांच्या उंचीला लावला तर तो कुणी पाहत नाही. साधन मुलाने हाताळायचं असतं, आणि परीक्षक ते मुलाच्या हातात देऊन पाहतात. जोड्या लावायची कार्डं १० बाय १० सेंटीमीटरची, जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल कापलेली, दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावलेली असू द्या. साधा कागद दुसऱ्याच दिवशी मुडपतो.

वस्तू किती लहान चालते? साधारण सव्वातीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत जी मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांना नको, कारण ती घशात अडकू शकते. वर्गीकरणासाठी हरभरे, वाटाणे, चिंचोके देण्याची आपल्याकडे फार सवय. वाटाणा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो आणि घरी निघत नाही. थर्माकोल कुरतडलं की त्याचे कण डोळ्यांत आणि नाकात जातात. त्याऐवजी मळलेली माती घ्या: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी आणि चमचाभर तेल. पाणी एकदम ओतलं तर गोळा चिकट होतो आणि मुलांच्या बोटांनाच बसतो. थोडं थोडं घाला. मिठामुळे तो काही दिवस टिकतो, पण पावसाळ्यात ओलावा धरतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा. मुलाने चव घेतली तर मिठामुळे थुंकून टाकेल, तरी लक्ष ठेवाच. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात आहे का, हे आधी विचारा.

प्रत्यक्ष अनुभवाचे दिवस

दिवस मोजताना बालवाडीचं कॅलेंडर घ्या, कॉलेजचं नको. दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलनाच्या तालमी, मेची सुट्टी वजा केली की हातात बरेच कमी दिवस उरतात. परीक्षेच्या तारखेपासून उलटे मोजत या. ओळखीच्या नर्सरीत जागा मिळाली तरी कॉलेजचं पत्र आणि बालवाडीची लेखी परवानगी आधी घ्या. मार्गदर्शक बाईंची सही रोजच्या रोज घ्या; महिन्याच्या सह्या एका दिवसात घेतल्या की त्या तशाच दिसतात. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय प्रकल्पात लावू नका, व्हॉट्सॲप स्टेटसला तर मुळीच नको.

लेखी पेपरातल्या ठरलेल्या चुका

शिक्षण हक्क कायदा तीन ते सहा वयोगटाला लागू होतो, असं सर्रास लिहिलं जातं. २००९ चा हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहासाठी त्यातलं ११ वं कलम फक्त सरकार सोय "करू शकते" एवढंच म्हणतं. सहा वर्षांखालच्या मुलांचा उल्लेख संविधानाच्या ४५ व्या कलमात आहे, तोही २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतरचा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. २०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला पायाभूत स्तर तीन ते आठ वयाचा, म्हणजे त्यात पहिली-दुसरीही येते, हे अनेक जण विसरतात.

ताराबाई मोडक, गिजुभाई बधेका आणि अनुताई वाघ या बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या तिघांचीही सरमिसळ होते. नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा, भावनगरचा. त्यात गिजुभाई आणि ताराबाई दोघेही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीचं काम १९४५ पासूनचं, ताराबाई आणि अनुताईंचं, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणवाडीची कल्पना याच कामातून आली: मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. उत्तरात नुसती नावं लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य लिहा.

नोंदवही, टाचणं आणि प्रकल्प जमा करण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स किंवा स्कॅन काढून ठेवा. कॉलेजं वह्या परत देतीलच असं नाही, आणि मुलाखतीत मुख्याध्यापिका गुणपत्रिकेवरून नजर फिरवून नेमकं तेच मागतात: तुम्ही घेतलेल्या एखाद्या पाठाचं टाचण दाखवा.