चार ट्रॅकचा हिशोब: रेकॉर्डिंग शिकणाऱ्यांसाठी ‘सार्जंट पेपर’

घरच्या सेटअपवर पहिल्याच गाण्याला साठ ट्रॅक (प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी) उघडून बसणाऱ्यांनी बीटल्सचा हा १९६७ चा अल्बम एकदा नीट हेडफोन लावून ऐकावा. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तेव्हा एक इंची टेपवर चारच ट्रॅक मिळत. ते भरले की एकत्र मिसळून दुसऱ्या मशीनच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे बाउन्स करायचं. जागा मोकळी होते, पण ड्रम आणि गिटार एकदा एकत्र गेले की गिटार मागाहून कमी करता येत नाही. शिवाय दर बाउन्सला टेपची खरखर वाढते. म्हणून बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचा बेस गिटार बऱ्याच गाण्यांत सगळ्यात शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर घेतला गेला.

सरावासाठी चारच ट्रॅक उघडा: ड्रम, गिटार, पियानो, कच्चं गायन. कच्चं गायन म्यूट करून बाकी तिन्ही एका ट्रॅकवर बाउन्स करा, पीक, म्हणजे आवाजाची सर्वोच्च पातळी, उणे सहा डीबी (डेसिबल) च्या आसपास ठेवा आणि मूळ फायली खरोखर काढून टाका. बहुतेकांची चूक रिव्हर्बमध्ये, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्यात होते. तो बाउन्समध्ये मुरला की निघत नाही, वरून गायन आलं की सगळा चिखल. रिव्हर्ब कमीच ठेवा, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) मात्र कानाला किंचित जास्त वाटेल इतकी वर ठेवा. पुढचे थर तिला झाकतातच.

याच अल्बममधल्या ‘अ डे इन द लाइफ’ गाण्यात मधले २४ बार (तालाची आवर्तनं) मुद्दाम रिकामे सोडले होते. तिथे ४० वादकांना खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, शेजाऱ्याकडे लक्ष न देता चढत जायला सांगितलं. हे पुनःपुन्हा रेकॉर्ड करून थर चढवले. त्यासाठी दोन मशीन ५० हर्ट्झच्या सिग्नलने एका वेगात बांधली, पण दोन्ही एकाच क्षणी सुरू करणं हाताच्या कसबाचं काम होतं.

आपल्याकडच्या फ्यूजनवाल्यांनी याच अल्बममधलं ‘विदिन यू विदाउट यू’ सोडू नये. बँडमधला जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, त्याची ही पुढची पायरी. दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य), तबला, तंबोरा आधी, मग वर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो. पाश्चात्त्य वादकांना दिलरुब्याची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पकडायला लावणं निर्माता जॉर्ज मार्टिनला जड गेलं. मींडेचं वाद्य आधी घ्या, बाकीच्यांना ते ऐकतच वाजवू द्या. नुसत्या नोटेशनवर ती उतरत नाही.

अल्बम १९६७-६८ मध्ये ब्रिटनमध्ये एकूण २७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, १९६८ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीनने त्याला झोडपलं, आणि बीबीसीने ‘अ डे इन द लाइफ’वर अमली पदार्थांच्या संशयावरून बंदी घातली. कान तयार करायला मात्र अल्बमची मोनो (एकाच वाहिनीची) आणि स्टिरिओ (डाव्या-उजव्या वेगळ्या वाहिन्यांची) आवृत्ती शेजारी लावा. बँडने वेळ दिला तो मोनोला. स्टिरिओ मागाहून झटपट उरकला गेला. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत अर्ध्या सुराने वर आहे आणि चालही जलद. टेपचा वेग बदलला की सूर आणि लय दोन्ही हलतात, ते इथे दहा सेकंदांत कळतं.