पॅरिश रजिस्टर आणि जनगणनेत पूर्वज शोधताना या चुका टाळा

इंग्लंड-वेल्सच्या जुन्या नोंदींत पूर्वज शोधणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी घसरतात. नाव जुळलं, साल जवळपास आलं, की माणूस सापडला असं धरून ते वरच्या पिढीकडे जातात. तीन पिढ्या चढल्यावर कळतं की आपण भलत्याच घराण्याची वंशावळ लावत बसलो होतो. पाद्र्याने रजिस्टर चर्चसाठी लिहिलं, प्रगणकाने वही सरकारसाठी भरली. आपण, त्यांचे दूरचे वाचक, कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हतो. म्हणून प्रत्येक नोंद हातात आली की आधी विचारायचं: ही कोणी लिहिली, कधी, कशासाठी?

बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहिणं

राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने १५३८ मध्ये पॅरिश रजिस्टरं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या नोंदवह्या, सुरू झाली. त्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहायचं होतं. कधी बाळाचा बाप्तिस्मा चार दिवसांत होई, तर कधी घरातली तीन-चार भावंडं एकाच रविवारी चर्चमध्ये नेली जात, त्यातलं थोरलं आठ-दहा वर्षांचंही असे. एका तारखेला तीन नावं दिसली म्हणून तिळी समजू नका. वहीत ‘बाप्तिस्मा’ असेल तर आपणही ‘बाप्तिस्मा’च लिहायचं. जन्माची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची आहे.

दफनाची नोंद न बघणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ती टाळायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. समजा, १७८० मध्ये थॉमस नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला. वडिलांचं नाव बरोबर, गावही बरोबर. आपण खूश. पण त्याच वहीत दोन वर्षं पुढे गेलं तर थॉमसचं दफन असतं, आणि त्यानंतर त्याच आईबापांच्या पोटी दुसरा थॉमस. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवणं तेव्हा सर्रास होतं. बाप्तिस्मा सापडला की पुढच्या काही वर्षांची दफनं त्याच बैठकीत वाचून टाका. अनेक जुन्या नोंदींत वय नसतं, पण ‘अमक्याचा मुलगा’ एवढं लिहिलेलं असलं तरी पुरतं.

जुनं पंचांग विसरणं

१७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. जून १७०० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७०० मध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा अशा दोन नोंदी दिसल्या तर आपल्याला वाटतं, मूल लग्नाआधीचं. खरं तर तो फेब्रुवारी जूननंतर आठ महिन्यांनी आलेला आहे, आपल्या हिशोबाने १७०१ चा. अशा तारखा १७००/०१ अशा दुहेरी लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या नोंदींत तर महिन्यांना नावांऐवजी आकडे असत, आणि १७५२ आधीचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

काही जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, त्यामुळेही असंच फसायला होतं. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. जेकब नावाचा कोणी नवा भाऊ सापडला असं समजू नका.

१८४१ च्या जनगणनेवर जास्त भार टाकणं

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण देशभर माणसांची नावं सरकारदरबारी उतरली आणि टिकली ती १८४१ पासून. त्या वर्षी प्रगणकांना सूचना होती की १५ च्या पुढची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहावीत. म्हणजे ३९ वर्षांचा माणूस कागदावर ३५ चा. काहींनी सूचना पाळली, काहींनी नाही. त्यामुळे १८४१ ला ३५ आणि १८५१ ला ४८ असं दिसलं तर माणूस वेगळा म्हणून सोडून देऊ नका, दोन्ही वयं एकाच माणसाची असू शकतात.

त्याहून मोठी अडचण अशी की १८४१ मध्ये नातं विचारलंच नव्हतं. एका घरात पुरुष, बाई आणि तीन मुलं दिसली की नवरा-बायको-मुलं असं आपण धरून चालतो. ती बाई बहीण असेल, वहिनी असेल, विधुर भावाचं घर सांभाळायला आलेली असेल. नातं आणि जन्माचं गाव हे दोन्ही १८५१ पासून मिळतं. माझं सांगणं असं की आधी १८५१ पक्कं करा, मग मागे १८४१ कडे जा.

नातं लिहिलेलं असलं तरी शब्द जपून वाचा. त्या काळी ‘सन-इन-लॉ’ हा शब्द सावत्र मुलालाही वापरत. कुटुंबप्रमुख तिशीतला आणि ‘जावई’ दहा वर्षांचा, असं दिसलं की समजायचं, बायकोचा आधीच्या लग्नाचा मुलगा. आईचं आधीचं लग्न शोधायचा तो सरळ धागा आहे.

नोंद सापडत नाही म्हणून हात टेकणं

आधी सूचीवर, म्हणजे नोंदींतली नावं वाचून शोधासाठी केलेल्या यादीवर, संशय घ्या. नाव पाद्र्याने कानावर पडलं तसं लिहिलं, आणि सूची करणाऱ्याने ते अक्षर त्याला दिसलं तसं वाचलं. सुरुवातीचा ‘ह’ गळतो, ‘एल’चा ‘एस’ होतो. आडनाव पूर्ण काढून टाका आणि नुसतं पहिलं नाव, अंदाजे वय, जन्मगाव घालून शोधा. काही सापडलं की मूळ पानाचा स्कॅन उघडून स्वतः वाचा, वरच्या-खालच्या ओळींसकट. शेजारच्या घरात सासुरवाडी निघाल्याची उदाहरणं काही थोडीथोडकी नाहीत.

तरी मिळालं नाही, तर कारण काळात असू शकतं. १७८३ ते १७९४ दरम्यान प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदीवर तीन पेनी कर होता. काही आईबाप थांबले आणि कर उठल्यावर मुलं घेऊन आले. म्हणून १७९४ च्या पुढची काही वर्षंही चाळा. १६५३ ते १६६० या राजा नसलेल्या काळात तर नोंदी चर्चच्या हातातून काढून घेतल्या होत्या आणि अनेक वह्यांत तिथे खिंडार आहे. मूळ रजिस्टर भिजलं, फाटलं, हरवलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल बघायची. ती काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) अभिलेखागारात मिळू शकते आणि कधीकधी तिच्यात मूळ वहीत नसलेला एखादा शब्दही असतो.

गावही चुकलेलं असू शकतं. लग्न बहुधा नवरीच्या पॅरिशमध्ये होई आणि पहिलं बाळंतपण कित्येकदा माहेरी. मोठं भावंडच सापडत नसेल तर आईच्या गावची वही उघडा.

एकाच नावाचे दोघे

एका पॅरिशमध्ये दोन जॉन, दोघेही शेतमजूर, दोघांच्याही बायका मेरी. इथे अंदाजाने निवड करू नका. लग्नाचा नवा कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला आणि तेव्हापासून वधू-वर व साक्षीदार सही करत, किंवा फुलीसारखी खूण. एक जॉन वळणदार सही करतो, दुसरा फुली काढतो, तर बहुधा माणसं दोन. वीस वर्षांनी मुलीच्या लग्नात तोच साक्षीदार असेल तर सही पुन्हा समोर येते. १८१३ पासूनच्या छापील बाप्तिस्मा-नमुन्यांत वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाणही आहे. दोन्ही जॉनची मुलं दोन कागदांवर वेगवेगळी मांडली की गुंता बराच सुटतो. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत असे दोन जॉन एकत्र झालेले खूप आढळतात, आणि मग शंभर जण तीच चूक उतरवून घेतात.

विसाव्या शतकात अडकणं

जनगणना शंभर वर्षं बंद असते. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे १९५१ पर्यंत मधे काहीच नाही. या काळात आजी-आजोबा शोधत असाल तर २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही बघा. तिच्यात जन्मतारीख आणि धंदा मिळतो. काही ओळी काळ्या पट्टीने झाकलेल्या दिसतील, त्या व्यक्ती हयात असू शकतात म्हणून. व्यक्ती वारल्याचा दाखला जोडून अर्ज केला तर ती ओळ उघडता येते.