नवं कोटिंग आलं म्हणे, पण कशाच्या जागी? प्लेटिंगमध्ये पाऊल टाकणाऱ्यांसाठी

डिप्लोमा हातात पडला की सोलापूरचं पोरगं एक तर पुण्याची गाडी पकडतं, नाही तर चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळख शोधतं. त्यातून प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणाऱ्या कारखान्यात लागलं तर घरी पहिला प्रश्न ठरलेला: "ते ॲसिडचं काम ना?" हो, ॲसिडचंच. पण आठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थरात किती रसायनशास्त्र, किती कायदा आणि किती पैसा असतो हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. मी मेकॅनिकलवाला, केमिस्ट्रीशी माझं कधी फारसं जमलं नव्हतं. तरी याच धंद्यात रमलो.

नवीन मुलं मोबाईलवर काहीतरी घेऊन येतात. ग्राफीन कोटिंग, नॅनो कोटिंग, लेझर क्लॅडिंग. "सर, हे शिकायचंय." मी उलट विचारतो, हे कशाच्या जागी आलं? बहुतेकांना सांगता येत नाही. आमच्या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक नवा शोध हा कुठल्या तरी जुन्या दुखण्यावरचा उपाय असतो. दुखणं माहीत असेल तर शोध अर्ध्या तासात समजतो. नसेल तर नुसती नावं पाठ होतात.

झिंक प्लेटिंगचंच घ्या. जुन्या लोकांना विचारा, चांगला जॉब, म्हणजे प्लेटिंग केलेला पार्ट, कसा ओळखायचा? ते सांगतील, पिवळा, इंद्रधनुषी झळाळीचा. ती झळाळी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनची, म्हणजे झिंकवर चढवलेल्या संरक्षक थराची. गंजाला ते जबरदस्त रोखायचं, ओरखडा पडला तरी थर स्वतःला सावरून घ्यायचा. पण हे क्रोमियम कॅन्सरकारक. युरोपने आधी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर २००६ पासून आणि मग मोटारींवर २००७ पासून त्याला बंदी घातली. गाड्यांचे पार्ट पुरवणाऱ्यांना बदलावंच लागलं आणि ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक रूपाचं, पॅसिव्हेशन आलं. रंग निळसर पांढरा, दिसायला फिका. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तक्रार करायचं, "पिवळं नाही, म्हणजे माल कच्चा." मालात हेक्झाव्हॅलंट आहे की नाही हे बघायला डायफेनिलकार्बाझाइडची टेस्ट करतात. जांभळा रंग आला की समजायचं, आहे. मुलाखतीत ही टेस्ट सांगता आली तर समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

त्याच्या पुढची पायरी झिंक-निकेल. थरात १२ ते १५ टक्के निकेल असतं आणि सॉल्ट स्प्रे या गंजाच्या टेस्टमध्ये साध्या झिंकपेक्षा ते कितीतरी जास्त टिकतं. सॉल्ट स्प्रे म्हणजे पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, ३५ अंशांवर, अखंड. एक सावधगिरी: सॉल्ट स्प्रेच्या तासांवरून 'बाहेर इतकी वर्षं टिकेल' असा हिशोब कुणी मांडत असेल तर मान डोलवू नका. ती तुलना करायची टेस्ट आहे, भविष्य सांगायची नाही.

दुसरं दुखणं हायड्रोजनचं. पिकलिंग (ॲसिडमध्ये बुडवून गंज काढणं) आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन सुटतो आणि कडक पोलादात शिरतो. १२.९ ग्रेडचा, म्हणजे खूप कडक, बोल्ट आवळताना काही होत नाही. रात्री गोडाऊनमध्ये, आवळलेल्या जागीच, कुणी हात न लावता, त्याचं डोकं तुटून खाली पडतं. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास कित्येक तास बेकिंग करायचं असतं. यातूनच झिंक फ्लेक कोटिंग पुढे आलं. झिंक-ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या द्रावणात बोल्ट बुडवायचे, टोपली गरगर फिरवून जादाचं झटकायचं आणि भट्टीत भाजायचं. करंटच नाही, त्यामुळे प्लेटिंगमधून हायड्रोजन शिरत नाही.

हार्ड क्रोमची, म्हणजे झीज रोखणाऱ्या कडक क्रोम थराची गोष्टही अशीच. टेक्स्टाइल मशिनचे रोलर, हायड्रॉलिकचे रॉड यांना ते हवंच असतं. पण बाथ (जॉब बुडवायचं द्रावण) क्रोमिक ॲसिडचा, आणि दिलेल्या करंटपैकी दहा-वीस टक्केच क्रोम बसवण्यात जातो. उरलेल्यातून मुख्यतः हायड्रोजन निघतो आणि तो बुडबुड्यांबरोबर ॲसिडचं धुकं वर आणतो. जुन्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडायचं ते यामुळे. याला पर्याय म्हणून विमानांच्या लँडिंग गिअरवर एचव्हीओएफ आलं, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची पावडर प्रचंड वेगाने फवारणं. मग जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत अतिवेगवान लेझर क्लॅडिंग, म्हणजे लेझरने पावडर वितळवून थर चढवणं, उभं राहिलं. साध्या क्लॅडिंगमध्ये पावडर जॉबवरच्या वितळलेल्या डबक्यात पडून वितळते. यात ती हवेतच, जॉबला टेकायच्या आधी, वितळते. त्यामुळे वेग शेकडो मीटर प्रति मिनिटापर्यंत जातो आणि थर पातळ राखता येतो. ब्रेक डिस्कवर त्याची चर्चा आहे, कारण गाड्यांच्या प्रदूषणाच्या युरोपातल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली. परत तेच: नियम आला की शोधाला मागणी येते.

पीव्हीडी (व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ बसवणं), डीएलसी (हिऱ्यासारखा कडक कार्बनचा थर) वगैरेबद्दल थोडक्यात. टूलवरचा सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा, जाडी दोन-चार मायक्रॉन, काम व्हॅक्यूममध्ये. मशिन महाग, त्यामुळे ही नोकरी बहुधा मोठ्या शहरात.

आता आपल्या गावाचं. सोलापुरात प्लेटिंग करायचं म्हणजे पाण्याशी आणि उन्हाशी भांडण. बोअरचं पाणी जड. निकेलच्या बाथमध्ये सल्फेट असतं, त्यात पाण्यातलं कॅल्शियम मिसळलं की कॅल्शियम सल्फेटचे बारीक कण तयार होतात आणि जॉबवर खरखर येते. बोट फिरवलं तर बारीक रवा लागावा तसं. शेवटचं धुणं जड पाण्याचं असेल तर वाळल्यावर पांढरे डाग. त्यामुळे बाथ आणि शेवटचा रिन्स डीआय किंवा आरओ, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचाच. मे महिन्यात क्लोराइड झिंकचा बाथ तापला की ब्राइटनर (चमक आणणारं केमिकल) द्रावणातून फुटतो, वर तेलकट तवंग दिसतो आणि चमक जाते. केमिकल वाढवून उपयोग नाही, चिलर लावायचा.

पाणी कमी, म्हणून ही आकडेमोड पाठच करा. जॉबबरोबर बाथचं एक लिटर द्रावण बाहेर येतंय आणि ते हजारपट पातळ करायचंय, तर एका टाकीत हजार लिटर पाणी लागतं. उलट्या प्रवाहाच्या, म्हणजे जॉब पुढे जातो आणि पाणी मागे वाहतं अशा दोन टाक्या लावल्या तर सुमारे ३२ लिटर. तीन लावल्या तर दहा. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हा शोध लेझरपेक्षा मोठा आहे, असं माझं मत. जुना आहे, पण कितीतरी शॉपमध्ये अजून पोचलेला नाही.

आणि सफाई. आमचे अण्णा, लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, मीटर-बिटर काही बघायचे नाहीत. डीग्रीसिंग (तेल-ग्रीस काढणं) झालेला जॉब पाण्यातून काढून तिरका धरायचे. पाण्याचा पडदा अखंड घसरला तर पुढे. मध्येच पाणी फाटलं, थेंब वेगळे झाले, तर "तेल हाय बे अजून, घाल परत." याला वॉटर ब्रेक टेस्ट म्हणतात, खर्च शून्य. सोलणारा थर, फोड, काळे ठिपके, अशा रिजेक्शनचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. पावडर कोटिंगमध्येही हेच. तिथे रंगाआधी चढवायच्या झिंक फॉस्फेटच्या थराच्या जागी आता झिर्कोनियमची प्रक्रिया येते आहे. थर नॅनोमीटरमध्ये, टाकी तापवायला नको, गाळ खूप कमी. पण फॉस्फेटचा जाड थर थोडीफार खराब सफाई झाकून घ्यायचा, हा नवा थर काही झाकत नाही. ज्यांची डीग्रीसिंगची टाकी बरी नाही त्यांनी हे केमिकल आणलं आणि पुरवठादाराला शिव्या घातल्या.

शिकायला सुरुवात हल सेलपासून, म्हणजे बाथ तपासायच्या छोट्या उपकरणापासून करा. रिचर्ड हल यांचं हे १९३९ च्या सुमाराचं उपकरण, अजून त्याला तोड नाही. २६७ मिलिलिटरचा तिरपा डबा, आत बाथचं द्रावण आणि तिरका लावलेला पितळी पत्रा. एक टोक ॲनोडजवळ, दुसरं लांब. दोन अँपिअर, पाच मिनिटं. पत्रा बाहेर काढला की एकाच पट्टीवर जास्त करंटपासून कमी करंटपर्यंतचं सगळं दिसतं. निकेलच्या पत्र्याचं लांबचं टोक काळसर आलं तर तांब्याचा संशय घ्यायचा आणि नागमोडी पत्र्यावर कमी करंटने डमी प्लेटिंग करून ते तांबं काढायचं. रोज एक पत्रा काढा, तारीख टाकून जपून ठेवा. सहा महिन्यांत पत्रे वाचता यायला लागतात.

शिक्षणाचं म्हणाल तर सोलापुरातल्या वालचंद किंवा शासकीय तंत्रनिकेतनातलं मेकॅनिकल पुरेसं आहे, बीएस्सी केमिस्ट्रीही चालते, उलट लॅबमध्ये तीच जास्त चालते. पुढे संशोधनात जायचं असेल तर तमिळनाडूतल्या कराइकुडीची सेक्री (विद्युत-रसायन संशोधन संस्था) आणि हैदराबादची एआरसीआय (पावडर आणि नव्या पदार्थांचं संशोधन केंद्र) ही दोन नावं लक्षात ठेवा. हैदराबाद तर आपल्या घरासमोरच्या हायवेवरचं गाव. शॉपमध्ये दोन-तीन वर्षं काढल्यावर केमिकल कंपन्यांच्या सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी बघा. रोज वेगळा बाथ, वेगळी तक्रार, शिकायला याहून चांगली जागा नाही.

रुजू होण्याआधी शॉप एकदा फिरून या. टायट्रेशनची (बाथमधलं केमिकल मोजायच्या चाचणीची) वही मागा, शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. सायनाइडचं आणि ॲसिडचं पाणी एकाच गटारात जातंय का ते बघा, कारण ती दोन्ही भेटली की जीवघेणा वायू होतो. सांडपाण्यातलं क्रोम मेटाबायसल्फाइट घालून, मग चुना घालून गाळ म्हणून खाली बसवतात का, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात का, हे विचारा. क्रोमच्या टाकीवरचा एक्झॉस्ट चालू आहे का, तेही बघा. बंद असेल आणि "ऑडिट असलं की लावतो" असं उत्तर आलं, तर पगार कितीही सांगू देत, दुसरीकडे बघा.