बाळाला दुधाची-सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर अंगावर पाजणाऱ्या आईने काय खायचं, काय सोडायचं

माझी लेक दीड महिन्याची असताना तिच्या शीमध्ये शेंबडासारखा चिकटपणा आणि लाल धागे दिसायला लागले, गालावर खरखरीत चट्टे आले आणि पाजलं की ती अंग ताणून रडायची. घरात सगळे म्हणाले तुझं दूध तिला बाधतंय, बंद कर आणि डब्याचं दे. बालरोगतज्ज्ञांनी मात्र तपासून सांगितलं की पाजणं अजिबात थांबवू नका, तुमच्या खाण्यातलं दूध थांबवा. घरी आले तर ओट्यावर तुपातले डिंकाचे लाडू, शतावरी कल्प घातलेलं दूध, वरणावर तुपाची धार, म्हणजे बाळंतिणीचं सगळं खाणंच दुधातुपावर, मग मी खायचं काय? ते मला कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून हे सगळं लिहितेय.

१. आधी डॉक्टरांकडून खात्री करा

नुसती हिरवी शी, गॅस किंवा संध्याकाळचं रडणं म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, एवढ्यावरून आईने उपाशी राहू नये. शीमध्ये रक्त किंवा चिकटपणा, न हटणारा एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे), सारख्या उलट्या, वजन न वाढणं, यातलं काही असेल तर बाळाला दाखवा. आणि तोंड-ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वासाला त्रास झाला, उलट्या होऊन बाळ पांढरंफटक, ढिलं पडलं किंवा भरपूर रक्त दिसलं, तर खाण्याचे प्रयोग करत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

एक गोंधळ इथेच मिटवते. त्रास दुधातल्या प्रोटीनचा असतो, लॅक्टोजचा म्हणजे दुधातल्या साखरेचा नाही. आपण खाल्लेल्या दुधातलं केसिन किंवा व्हे हे प्रोटीन अगदी थोडं अंगावरच्या दुधात उतरतं आणि काही बाळांना तेवढंही पुरतं. लॅक्टोज तर आपल्या दुधात असतंच, आपण काहीही खाल्लं तरी. त्यामुळे लॅक्टोज-फ्री दूध पिऊन काही फरक पडत नाही.

२. दूध पूर्ण बंद, २ ते ४ आठवडे

अर्धवट सोडलं तर काहीच कळत नाही. दूध, दही, ताक, लोणी, पनीर, चीज, खवा, मिठाई, आइस्क्रीम सगळं बंद. म्हशीचं, शेळीचं, ए२ गाईचं पण नाही, कारण प्रोटीन बरंच सारखं असतं. तुपावरून घरोघरी वाद होतो. तुपात प्रोटीन खूप कमी असतं हे खरं, पण घरच्या कढवलेल्या तुपात थोडं राहू शकतं म्हणून तेवढे दिवस तूपही सोडा. सासूबाईंना मी हेच सांगितलं की आई, कायमचं नाही, महिनाभराचाच प्रश्न आहे, मग त्यांनीच माझं वरण लसणाच्या तेलातल्या फोडणीचं करायला सुरुवात केली.

खरी फसवणूक लपलेल्या दुधाची. बिस्किटं, ब्रेड, टोस्ट, खारी, चॉकलेट, आणि बाळंतिणींसाठी म्हणून मिळणारी पावडर, जिच्यात दूध आणि सोया दोन्ही असू शकतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका, तो फक्त शाकाहारी आहे एवढंच सांगतो. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमानुसार दूध आणि सोयाबीन असेल तर ते पाकिटावर लिहावं लागतं, ती बारीक अक्षरातली ओळ शोधा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट असं काही दिसलं की ठेवून द्या. हॉटेलात डोशावर लोणी आणि भाजीत क्रीम सांगितल्याशिवाय येतंच, आधीच विचारा.

सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि रोज शी, त्वचा, झोप याचे दोन शब्द. रोज बघत असलो की हळूहळू होणारा फरक कळतच नाही. रक्त लवकर कमी होऊ शकतं, त्वचेला वेळ लागतो.

३. सोया लगेच सोडू नका, गरज पडली तरच

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही चालत नाही. पण दोन्ही एकदम सोडलं की कशामुळे बरं वाटलं ते समजत नाही, म्हणून दूध सोडून फरक नसेल किंवा डॉक्टर म्हणाले तरच सोया काढा. मी मूळची लातूरकडची, तिकडे सोयाबीन शेतात आणि पिठातही! बऱ्याच घरात गव्हात मूठभर सोयाबीन टाकून दळतात, ते आधी बंद करा. विकतचा मल्टिग्रेन आटा, सोया वड्या, सोया सॉस, टोफू पण सोडा, आणि हो, दुधाऐवजी सोया मिल्क हा पर्याय मग उरत नाही. रिफाइंड सोयाबीन तेलात आणि लेसिथिनमध्ये (चॉकलेट-बिस्किटात घालतात तो सोयाचा घटक) प्रोटीन नावालाच असतं, बहुतेक बाळांना चालतं. घाण्याचं सोया तेल मात्र टाळा. मी सरळ शेंगदाणा तेलावर गेले, डोक्याला ताप नको.

४. पोटभर खा, हे सगळ्यात महत्त्वाचं

मी पहिले चार दिवस चहा-चपातीवर काढले आणि चक्कर यायला लागली. तसं करू नका. भाकरी-पिठलं, मटकीची उसळ, झुणका, भरीत, कोकमाचं सार, नारळाच्या दुधाची सोलकढी, पोहे, उपमा, इडली यात दूध नाहीच. खात असाल तर अंडी, मासे, चिकन. डिंक खोबरेल तेलातही छान फुलतो, तेच लाडू खारीक, सुकं खोबरं, गूळ घालून करा. अळीवाची खीर नारळाच्या दुधात करा, मला तर तीच जास्त आवडली. चहा कोराच, गवती चहा आणि आलं घालून.

५. कॅल्शियम आणि बी१२

पाजणाऱ्या आईला आपल्याकडच्या शिफारशीनुसार रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिळतं, शिवाय तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पालेभाजी आहेच. तरी रोज एवढं जमणं अवघड, म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्याच. शाकाहारी असाल तर बी१२ विसरू नका, कारण आपल्याला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं, आणि आईत कमी पडलं तर अंगावरच्या बाळातही कमी पडतं, त्याचा परिणाम बाळाच्या मेंदूवर होऊ शकतो. हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा कळलं.

६. बाळाच्या अंगाकडेही बघा

मी दूध सोडलं आणि मालिशवाल्या मावशी लेकीला रोज साय-मसूरपीठ चोळत होत्या! चट्टे जाणार कसे? साय, दूध-हळद बंद, गुटी गाईच्या दुधात उगाळणं बंद. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर अ‍ॅलर्जीच्या बाळासाठीचा फॉर्म्युला (डब्याचं खास दूध) डॉक्टरच लिहून देतील, शेळीचं दूध नको.

७. परत खाऊन बघा

ही पायरी बहुतेकजणी सोडतात आणि वर्षभर विनाकारण कोरडं खात राहतात. २ ते ४ आठवड्यांनी बाळ बरं असेल तर डॉक्टरांना विचारून पुन्हा दूध सुरू करायचं, रोज थोडं वाढवत आठवडाभर. त्रास परतला तर अ‍ॅलर्जी पक्की, पुन्हा बंद. नाही परतला तर खुशाल खा. काहीच फरक पडला नसेल तरी उगाच सोडत राहू नका, कारण दुसरं असेल. गांध्या, सूज असा लगेच होणारा त्रास झाला असेल तर मात्र हा प्रयोग घरी नको.

माझ्या लेकीचा त्रास पाचव्या दिवशी परतला, म्हणून मी ती ११ महिन्यांची होईपर्यंत दूध सोडलं. फक्त शीमध्ये रक्त येणारी बरीच बाळं वर्षाच्या आसपास बरी होतात. तिला आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी भाजलेल्या पदार्थातलं दूध दिलं, अर्धं बिस्किट, मग हळूहळू वाढवत दही, आणि दूध सगळ्यात शेवटी.